पीएच मीटरचा इनपुट बोर्ड आणि बेळगावच्या उद्यमबागेतला पावसाळा : प्रकल्प नोंदी

१० जून

चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्यातून परत आलेला आमचा पीएच मीटर आज उघडला. केमिस्ट साहेबांनी तक्रार नीट लिहून दिली आहे. दिवसपाळीला मीटर बरोबर चालतो. मध्यरात्रीनंतर आकडा हळूहळू वर सरकतो. बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) बुडवून पुन्हा जुळवला तरी पहाटेपर्यंत परत तेच. इलेक्ट्रोड (रसात बुडवायचा काचेचा भाग) बदलून झाला, केबल बदलून झाली.

ही तक्रार मला बारीकसारीक वाटत नाही. उसाचा कच्चा रस आंबट असतो, त्याचा पीएच साधारण ५.२ ते ५.५. चुना आणि गंधकाचा धूर देऊन तो ७ च्या आसपास आणतात. गरम रस आंबट राहिला तर साखर फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि ती साखर पुन्हा पोत्यात येत नाही. चुना जास्त झाला तर रंग चढतो. मीटरने ६.८५ चे ७ दाखवले की चुन्याचा माणूस हात आखडता घेतो आणि रस आंबटच पुढे जातो. रात्रभर असं चाललं तर नुकसान कोणाच्या नजरेला पडत नाही, पण ते होतच असतं. वर्षभर ऊस वाढवणाऱ्याच्या घामाचं ते पाणी होतं.

गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होईल. तोवर हे निस्तरायचं.

१२ जून

मिरगाचा पाऊस चांगला लागलाय. खोलीतला हवामापक सकाळी ८८ टक्के दमटपणा दाखवत होता. कारखान्यातल्या बॉयलिंग हाऊसजवळची वाफाळ रात्र मला इथे आयतीच मिळाली.

मोजणीची सोय अशी केली. काचेच्या इलेक्ट्रोडऐवजी मिलिव्होल्ट देणारा स्थिर सोर्स घेतला आणि त्याच्या पुढे काचेच्या नळीतला २०० मेगाओहमचा रेझिस्टर जोडला. काचेच्या इलेक्ट्रोडचा स्वतःचा रेझिस्टन्स अशाच शेकडो मेगाओहमच्या घरात असतो, आणि थंडीत तो आणखी वाढतो. सोर्स शून्यावर ठेवायचा, एकदा थेट वाचायचं आणि एकदा रेझिस्टरमधून वाचायचं. दोन्ही आकड्यांत जो फरक येईल तो बोर्डच्या इनपुटमधून चोरपावलांनी वाहणाऱ्या करंटचा.

सकाळी फरक उणे ९ मिलिव्होल्ट. २०० मेगाओहमने भागलं की ४५ पिकोअँपिअर येतात (एक पिकोअँपिअर म्हणजे अँपिअरचा एक लाख कोटीवा भाग). २५ अंशाला एका पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट, म्हणजे चूक ०.१५ ची, तीही वरच्या बाजूला. केमिस्ट साहेबांनी लिहिलं होतं तेवढीच आणि त्याच दिशेने.

दुपारी ऊन पडलं, दमटपणा ६५ च्या खाली आला, आणि फरक एका मिलिव्होल्टच्याही आत आला.

१३ जून

आमच्या दुकानातल्या अण्णांना पहिला संशय चिपवर होता, म्हणजे इनपुटचा बारीक सिग्नल उचलणाऱ्या ऑपअँपवर (ॲम्प्लिफायरवर). "बाजारात डुप्लिकेट माल येतोय, ऑपअँप बदलून बघ की."

चिप बदलून पाहिली, फरक तेवढाच. पण बदलण्याआधीही उत्तर आकड्यांत दिसत होतं. ऑपअँपच्या इनपुटमधून जाणारा करंट तापमानाबरोबर वाढतो, दर १० अंशांना साधारण दुप्पट. चिप दोषी असती तर गरम दुपारी चूक वाढायला हवी होती. इथे दुपारी चूक पळून जाते आणि गार, ओल्या पहाटे परत येते. आमच्या एलएमसी ६४८२ चा इनपुट करंट २० फेम्टोअँपिअरच्या आसपास (फेम्टो म्हणजे पिकोचा हजारावा भाग), म्हणजे मोजलेल्या करंटच्या दोन हजाराव्या हिश्श्याएवढा. त्याच्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

मग करंट येतो कुठून? या चिपचा इनपुट तिसऱ्या पायावर आहे आणि चौथ्या पायावर उणे ५ व्होल्ट. दोघांत अडीच मिलिमीटर अंतर आणि त्यामध्ये हिरवा मास्क (तांबं झाकणारा रंगाचा थर) मारलेला ग्लास एपॉक्सी, म्हणजे नेहमीचा बोर्ड. ५ व्होल्टला ४५ पिकोअँपिअर म्हणजे १११ गिगाओहम (एक गिगाओहम म्हणजे हजार मेगाओहम). एरवीच्या कामात कुणी याला रेझिस्टन्स म्हणणारही नाही, सरळ "ओपन" म्हणून सोडून देतील. फ्लक्सच्या (सोल्डर नीट बसावं म्हणून लावतात त्या रसायनाच्या) दर्जासाठी आयपीसी या इलेक्ट्रॉनिक्सची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची जी इन्सुलेशन चाचणी आहे तिच्यात १०० मेगाओहम टिकले की बोर्ड पास. आमच्या सर्किटला १०० मेगाओहम म्हणजे इलेक्ट्रोडच्या निम्मे. दिवा, रिले, मोटर चालवणाऱ्या बोर्डला पास करणारी परीक्षा इथे लागू पडत नाही, हे मला सगळ्यांना पटवायचं आहे.

१४ जून

इनपुटच्या पायांवर तोंड जवळ नेऊन हलकेच 'हाऽ' केलं. स्क्रीनवरचा आकडा लगेच ढासळला, वीस-पंचवीस मिलिव्होल्टपर्यंत गेला, आणि वाफ उडून जाईतो हळूहळू वर आला. भिंग लावून पाहिलं तर तिसऱ्या आणि चौथ्या पायाच्या मुळाशी फ्लक्सचा पिवळसर, काचेसारखा थर आहे, आणि श्वास लागला की त्याची चमक क्षणभर मंद होते. पाणी तिथेच बसतं.

१८ जून

ओलावा पाऊस ठरवणार आणि मी मोजणार, असं करून भागणार नाही. दमटपणा माझ्या हातात हवा. चेंबर विकत घेण्याची गरज नाही. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात मिठाचा ओला लगदा ठेवला की आतली हवा ठराविक दमटपणावर स्थिर होते. साधं मीठ ७५ टक्के, पोटॅशियम क्लोराइड ८४, मॅग्नेशियम क्लोराइड ३३. पोटॅशियम क्लोराइड तर इलेक्ट्रोड भरायला आमच्याकडे बाटलीभर असतंच. तीन डबे तयार केले, बोर्ड लगद्यापासून वर जाळीवर राहील अशी बैठक केली. वायरी काढायच्या भोकांना रबरी बूच.

२१ जून

आता मूळ प्रश्न: पदार्थ बदलून फरक पडतो का?

कंगव्यासारखे दोन ट्रॅक एकमेकांत गुंतवलेले नमुने करून घेतले होते. एक हायलमवर, म्हणजे जुन्या रेडिओत असायचा तो तपकिरी फिनॉलिक कागद. एक रोजच्या ग्लास एपॉक्सीवर, म्हणजे एफआर-४ वर. एक रॉजर्स ४३५०बी वर, जो खरा तर मायक्रोवेव्हच्या कामाचा पण ओलावा कमी पितो. टेफ्लॉनचा बोर्ड आमच्या हिशेबात बसत नाही, म्हणून टेफ्लॉनच्या ठोकळ्यात दोन पिना ठोकल्या.

एवढा छोटा करंट मोजायला इलेक्ट्रोमीटर लागतो आणि तो आमच्याकडे नाही. पण १०० पिकोफॅरडचा पॉलिस्टायरिन कपॅसिटर आहे. तो त्या करंटने भरू द्यायचा आणि व्होल्टेज किती वेगाने चढतं ते पाहायचं. सेकंदाला १ मिलिव्होल्ट म्हणजे १०० फेम्टोअँपिअर. घड्याळ आणि साधा व्होल्टमीटर पुरतो, फक्त सगळं पत्र्याच्या बंद डब्यात हवं, नाहीतर शेजारून नायलॉनचा शर्ट घालून कुणी गेलं तरी आकडा उडी मारतो.

२४ जून

८४ टक्क्यांच्या डब्यात रात्रभर ठेवून मोजलं.

हायलम बादच. तो ओलावा कागदासारखा पितो, कारण तो कागदच आहे.

पुढचा निकाल मात्र अण्णांना बोलावून दाखवला. सोल्डर करून, न धुता ठेवलेला रॉजर्सचा नमुना आणि सोल्डर करून नीट धुतलेला ग्लास एपॉक्सीचा नमुना शेजारी ठेवले. महागडा न धुतलेला बोर्ड धुतलेल्या स्वस्त बोर्डापेक्षा शंभरपटींहून जास्त गळत होता. दोन्ही धुतल्यावर रॉजर्स पुढे गेला, पण तो फरक आमच्या पीएचच्या कामात कुठे दिसणारही नाही इतका लहान.

करंट बोर्डच्या पोटातून जातच नाही, असं मी म्हणणार नाही. पण आमची चूक जिथे आहे तिथे तो पाठीवरून चालत जातो. ग्लास एपॉक्सी पाण्यात बुडवून ठेवला तरी त्याच्या वजनाच्या हजारातला एखाद-दुसरा भागच पाणी पितो. वरचा मळ मात्र पाणी ओढून घेतो आणि त्यात आयन सोडतो. मग तिथे नुसता रेझिस्टन्स राहत नाही. तांबं, कथील आणि आम्ल एकत्र आलं की इवलीशी बॅटरी तयार होते. म्हणूनच एका न धुतलेल्या नमुन्यात बाहेरून व्होल्टेज न लावताही करंट येत होता.

२५ जून

अण्णांचा प्रश्न रास्त होता: "मग टेफ्लॉन टेफ्लॉन म्हणून लोक एवढे मागे का लागतात?"

लागतात कारण तो खरंच फार चांगला आहे. १९३८ मध्ये ड्यूपाँटमध्ये रॉय प्लंकेट यांना तो अवचित सापडला. पाणी त्याला चिकटत नाही, आणि पोटातून करंट जवळपास जाऊच देत नाही. पण त्याच्याही खोडी आहेत. कापडाने पुसला की त्यावर चार्ज बसतो आणि बराच वेळ तिथेच राहतो. आज पिना पुसून लगेच मोजलं तर कपॅसिटरचं व्होल्टेज उलट्या दिशेने पळत होतं, अर्ध्या तासाने शांत झालं. शिवाय तो मऊ आहे, स्क्रू आवळला की दबत जातो, आणि त्याचा बोर्ड करणारे कमी आणि दर कित्येक पट. जिथे इनपुटची एकच वायर टेकायची आहे तिथे त्याची एक खुंटी पुरते.

२ जुलै

धुण्याची पद्धत ठरवण्यात हे दिवस गेले. सोल्डरिंग ताई करतात, हात अतिशय स्वच्छ, पण आजवर "नो-क्लीन" फ्लक्स म्हणजे धुवायचंच नाही असं सगळेच धरून चाललो होतो. नो-क्लीनचा उरलेला थर तांब्याला खात नाही, हे खरं. तो ओलाव्यात करंट नेत नाही, असं मात्र बाटलीवर कुणी लिहिलेलं नाही.

नुसता आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून ब्रश फिरवला तर फ्लक्स विरघळतो आणि पातळ होऊन सगळ्या बोर्डभर पसरतो. आधी एका जागी होता, आता सर्वत्र. म्हणून ब्रश, मग ताज्या आयपीएची धार, मग डिआयोनाइज्ड (आयन काढून टाकलेल्या) पाण्याची धार, आणि मग ८० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये. डिआयोनाइज्ड पाणी वगळलं की निकाल लगेच बिघडतो. आयपीएत मीठ फारसं विरघळत नाही, ते पाण्यानेच जातं.

मिठावरून आठवलं म्हणून एक मुद्दाम केलेली चाचणी. धुतलेल्या बोर्डवर ताईंनी इनपुटजवळ अंगठा टेकवला. ३३ टक्क्यांच्या डब्यात काहीच फरक नाही. तोच बोर्ड ८४ च्या डब्यात नेला आणि करंट वर गेला तो गेलाच. घामात मीठ असतं, आणि मीठ सुमारे ७५ टक्के दमटपणाच्या वर हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. त्याच्या खाली ते कोरडा खडा असतं. म्हणजे बेळगावच्या मार्चमध्ये ठसा असलेला बोर्ड तपासून पास केला तर तो पास होणारच. आषाढात तोच नापास. बंगळुरूच्या वातानुकूलित खोलीत हे कधीच सापडलं नसतं.

ताईंनी ठसा पाहिला आणि त्या दिवसापासून बोर्ड कडेलाच धरतात. मला वेगळं सांगावं लागलं नाही.

९ जुलै

धुऊन चूक उणे ९ वरून उणे अर्ध्या मिलिव्होल्टवर आली. मला यावर थांबायचं नाही. कारखान्यात गंधकाचा धूर आहे, वाफ आहे, बग्यासची (उसाच्या चोथ्याची) धूळ आहे. बोर्ड आज स्वच्छ असला तरी तीन हंगामांनी स्वच्छ राहीलच असं नाही. मळला तरी चालेल असा नकाशा हवा. म्हणून गार्ड.

इनपुटच्या पॅडभोवती तांब्याचं कडं काढायचं आणि त्या कड्याला ऑपअँपच्या आउटपुटमधून इनपुटएवढंच व्होल्टेज द्यायचं. उणे ५ व्होल्टकडून येणारी गळती कड्यापाशी अडते. कडं आणि इनपुट यांत फरक फार तर १ मिलिव्होल्टचा. तोच मळ, तेच १०० गिगाओहम, पण १ मिलिव्होल्टला करंट १० फेम्टोअँपिअर आणि २०० मेगाओहमवर चूक २ मायक्रोव्होल्ट. मिलिव्होल्टमधली चूक हजारोंनी खाली गेली, आणि बोर्डचा पदार्थ तोच राहिला.

अण्णा मूळचे खानापूर तालुक्यातले, भाताची शेती. त्यांनी कागदावरचं कडं पाहिलं आणि म्हणाले, "बांधाच्या दोन्ही अंगाला पाणी एकाच पातळीला असलं की बांधाला भोक असलं तरी पाणी हलत नाही. तसंच की." अगदी तसंच.

१६ जुलै

गार्डचे तपशील, पुढे कुणी नकाशा बदलला तर लक्षात राहावेत म्हणून.

कडं बोर्डच्या दोन्ही बाजूंना हवं. इनपुटचा पाय आरपार जातो, खालची बाजू उघडी राहिली तर गळती खालून येते.

कड्यावर हिरवा मास्क नको. मास्क असेल तर मळ मास्कच्या वर बसतो आणि करंट कड्याला न शिवता त्याच्या डोक्यावरून पलीकडे जातो. तांबं उघडं, सोन्याचा मुलामा. कडं आणि इनपुट यांमधल्या जागेतही मास्क नाही, पांढऱ्या शाईचं अक्षरही नाही.

इनपुटच्या ट्रॅकखाली ग्राउंडचं तांबं न पसरवता गार्डचं पसरायचं. पोटातून जी काही गळती होईल ती मग गार्डकडेच जाते.

चिप बदलतोय. एलएमपी ७७२१ मध्ये इनपुटचे पाय पुरवठ्याच्या पायांपासून मुद्दाम लांब ठेवलेले आहेत, त्यामुळे कडं काढायला जागा मिळते. करंट ३ फेम्टोअँपिअरच्या आसपास. पुरवठा मात्र साडेपाच व्होल्टच्या आतच, म्हणून उणे-अधिक अडीचवर येतोय.

२३ जुलै

पाऊस. वीज दोनदा गेली. ओव्हनमधले बोर्ड पुन्हा पहिल्यापासून वाळवले.

६ ऑगस्ट

नवे बोर्ड आले. धुतले, वाळवले, ८४ च्या डब्यात रात्रभर ठेवले. थेट आणि रेझिस्टरमधून, दोन्ही आकड्यांत आमच्या मीटरला दिसेल असा फरक नाही. 'हाऽ' केलं, आकडा जागचा हलला नाही. ताईंना आणि दुकानातल्या पोरांना बोलावून पुन्हा करून दाखवलं.

कपॅसिटरच्या चाचणीतही पाहिलं. व्होल्टेज मिनिटाला २ ते ३ मिलिव्होल्टनी सरकतं, म्हणजे ३ ते ५ फेम्टोअँपिअर. चिपच्या स्वतःच्या करंटच्या जवळपास आलो, आणि तेही साध्या ग्लास एपॉक्सीवर.

एक गोष्ट मात्र इथे एफआर-४ च्या नावावर लिहायलाच हवी. इनपुट आधी २ व्होल्टवर बराच वेळ ठेवून मग शून्यावर आणला आणि मोकळा सोडला, तर व्होल्टेज आपोआप थोडं मागे चढतं आणि हा शेपटा कितीतरी मिनिटं चालतो. एपॉक्सीच्या पोटात अडकलेला चार्ज हळूहळू बाहेर येत असतो. धुऊन हे जात नाही, हा पदार्थाचाच गुण. टेफ्लॉनच्या खुंटीवर हवेत जोडलेल्या इनपुटला असा शेपटा जवळपास नाही. आयन चेंबर किंवा फोटोडायोडचा फेम्टोअँपिअरमधला करंट मोजायचा असता तर मी इथेच बोर्ड बदलला असता. पीएचमध्ये इनपुटला २०० मेगाओहमचा रस्ता कायम असतो, त्यातून एवढासा चार्ज निघून जातो आणि चूक मायक्रोव्होल्टच्याही आत राहते. म्हणून रॉजर्सची ऑर्डर द्यायची नाही, असं ठरलं. अण्णांनी त्या पैशातून डिआयोनायझर घेतला.

२० ऑगस्ट

बोर्ड सुधारला तरी परत आलेल्या मीटरचा बीएनसी सॉकेट (इलेक्ट्रोडची केबल लागते तो) राहिलाच होता. त्याच्या तोंडावर पांढरी बुरशी दिसते तसं काहीतरी होतं. चाखायची गरज नाही, ते पोटॅशियम क्लोराइड. इलेक्ट्रोड भरताना थेंब केबलवरून ओघळतो, सुकतो, आणि रात्री ८४ च्या वर दमटपणा गेला की परत ओला होतो.

ही गळती वेगळ्या जातीची. ती पुरवठ्याकडे जात नाही, इनपुटकडून रेफरन्सकडे (इलेक्ट्रोडच्या दुसऱ्या, तुलनेच्या टोकाकडे) जाते. त्यामुळे पीएच ७ ला, जिथे इलेक्ट्रोड शून्य व्होल्ट देतो, तिथे ती दिसतच नाही. पण ४ च्या बफरला इलेक्ट्रोड १७७ मिलिव्होल्ट देतो. सॉकेटमध्ये ५ गिगाओहमची गळती असेल तर त्यातले जवळपास सात मिलिव्होल्ट खाल्ले जातात, ०.११ पीएचच्या आसपास. केमिस्ट साहेब ओल्या पहाटे ४ आणि ७ च्या बफरवर मीटर जुळवतात, मीटर ती चूक पोटात घेतो, आणि दुपारी सॉकेट सुकला की चूक उलट्या बाजूने बाहेर पडते. परत आलेल्या मीटरमध्ये दोन्ही गळत्या एकत्र होत्या, म्हणून कारखान्यात कुणालाच तिचा माग लागत नव्हता.

सॉकेट आता टेफ्लॉनच्या पोटाचा घेतोय. तो पुढच्या पत्र्यावर न बसवता खालच्या बाजूला, तोंड जमिनीकडे. वरून रबरी टोपी.

१८ सप्टेंबर

गणपतीनंतर कामाला पुन्हा वेग आला. वर लेप मारायचा की नाही यावर बरीच चर्चा झाली. ॲक्रिलिक लेप मारलेले आणि न मारलेले बोर्ड डब्यात शेजारी ठेवून पाहिले. लेपातून पाण्याची वाफ शेवटी आत जातेच, फक्त उशिरा. न धुतलेल्या बोर्डवर लेप मारला तर मळ आत कोंडला जातो आणि मग तो धुताही येत नाही. धुतलेल्यावर मारला तर गंधकाच्या धुरापासून तांबं वाचतं. म्हणून मारायचा, पण वाळवून ओव्हनमधून काढल्यावर बोर्ड गार व्हायच्या आत, आणि गार्डच्या आतली जागा सोडून.

२६ सप्टेंबर

उत्पादनाची तपासणी अशी ठरली. प्रत्येक बोर्ड ८४ च्या डब्यात रात्रभर. सकाळी डब्यातच २०० मेगाओहमची चाचणी. फरक अर्ध्या मिलिव्होल्टच्या वर गेला तर परत धुवायला. अर्धा मिलिव्होल्ट म्हणजे अडीच पिकोअँपिअर आणि पीएचमध्ये ०.०१ च्या आत. पास झालेला बोर्ड सिलिका जेलच्या पुडीसह पिशवीत बंद. ही तपासणी ताई करणार आणि पिशवीवर सही त्यांचीच.

चिकोडीच्या मीटरमध्ये नवा बोर्ड आणि नवा सॉकेट बसवला. सोबत केमिस्ट साहेबांना चिठ्ठी: इलेक्ट्रोड भरल्यावर केबलचं टोक डिस्टिल्ड पाण्याच्या ओल्या कापडाने पुसून पूर्ण कोरडं करावं, आणि गळीत सुरू झाल्यावर रात्रपाळीत दर दोन तासांनी ४ आणि ७ या दोन्ही बफरचे मिलिव्होल्ट लिहून ठेवावेत. नुसत्या पीएचच्या आकड्यात दोन्ही गळत्या मिसळून जातात, मिलिव्होल्टमध्ये त्या वेगळ्या ओळखता येतात.